‘ओम दर-ब-दर’ परत दाखवू का? अर्धा भिडला, अर्धा डोक्यावरून गेला

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी आमच्या ग्रुपमध्ये कमल स्वरूपचा ‘ओम दर-ब-दर’ दाखवला आणि तेव्हापासून डोक्यात नुसता भुंगा लागलाय, म्हणून लिहितोय. ग्रुप म्हणजे काही मोठं प्रकरण नाही, नाशिकला गंगापूर रोडवर एका मित्राच्या बंगल्यात वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा जमतो, प्रोजेक्टर भाड्याचा, पडदा म्हणजे पांढरी चादर इस्त्री करून ताणलेली, खाली सतरंज्या. त्या दिवशी १८ जण होतो. पाऊण तासात सहा जण उठले. त्यातल्या एकाने जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, भाऊ वाईट नको वाटून घेऊ पण काहीच कळेना रे. मला वाईट वाटलंच, कारण पिक्चर मी निवडला होता.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, १९८८ चा हिंदी सिनेमा, एनएफडीसीच्या, म्हणजे सरकारी फिल्म महामंडळाच्या पैशातून झालेला, बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, फिल्मफेअरचं समीक्षकांचं अवॉर्डही मिळालं, पण आपल्याकडे थेटरात लागला तो डायरेक्ट जानेवारी २०१४ मध्ये, म्हणजे २६ वर्षांनी. मधल्या काळात लोक व्हिडिओ कॅसेटवर, मग कॉपीवरची कॉपी काढून बघत होते. गोष्ट अजमेर-पुष्करसारख्या गावातली. ओम नावाचा पोरगा, त्याचे वडील बाबूजी, जे सरकारी नोकरी सोडून ज्योतिष बघायला बसतात, मोठी बहीण गायत्री, तिचा तो जगदीश, गावात आलेली फूलकुमारी, मग हिरे, मग बेडूक, आणि ओमला येणारी एकच गोष्ट म्हणजे खूप वेळ श्वास रोखून धरणं. मोठा ओम झालाय आदित्य लाखिया, तोच जो पुढे ‘लगान’मध्ये कचरा होता. फूलकुमारी म्हणजे ‘बुनियाद’मधली लाजोजी, अनिता कंवर. आता हे सगळं मी असं ओळीत सांगितलं म्हणून गोष्ट वाटतेय, पडद्यावर अशी ओळीत येत नाही, एक वाक्य सुरू होतं आणि संपतं भलतीकडेच, रेडिओ, जाहिराती, शाळेतलं विज्ञान, पुराणातल्या कथा सगळं एकाच ताटात.

मला काय आवडलं तर पहिला तास. रजत ढोलकियाचं संगीत, गाणी तर अजून तोंडात आहेत. बाप आणि गायत्री ही दोन माणसं इतकी खरी की कितीही विचित्र काही चाललं तरी मी त्यांच्याबरोबर होतो. नंतर ते हिरे-बेडूक-गुंड सुरू झालं आणि माझा हात सुटला. एकामागून एक इतकं येत राहतं की कशाचंच काही वाटेनासं होतं.

अजून एक सांगायचंय. आमचे अण्णा, वय ७४, नोट प्रेसमधून रिटायर, ते पण आले होते. मला धाकधूक होती. ते शेवटपर्यंत बसले, मांडीसुद्धा बदलली नाही. घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाले, हा बाबूजी म्हणजे आपल्या जुन्या वाड्यातले तात्या रे, चांगली नोकरी सोडून पत्रिका मांडायला बसले होते, आम्ही पोरं हसायचो पण परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडेच जायचो. मग घर येईपर्यंत काही बोलले नाहीत. मला वाटतं त्या १८ जणांत सिनेमा सगळ्यात जास्त त्यांना पोचला.

तर प्रश्न असा की पुढच्या महिन्यात कॉलेजची काही मुलं येणारेत ग्रुपमध्ये, त्यांनी हाच सिनेमा मागितलाय, नाव ऐकून. दाखवू का? आणि खरं खरं सांगा, दुसरा अर्धा भाग फसलाय की मी कमी पडलो? ‘फक्त अनुभवा, समजून घेऊ नका’ असं कृपया सांगू नका, ते मी उठून गेलेल्या मित्राला सांगू शकत नाही.

पंचवटीचा पोऱ्या

दाखव भाऊ. डोळे झाकून दाखव.

मी काही सिनेमातला जाणकार नाही, माझं हार्डवेअरचं दुकान आहे, पण हा सिनेमा मी तीनदा बघितलाय आणि तिन्ही वेळा त्या श्वासासाठी बघितलाय. कारण सांगतो. आम्ही रामकुंडाजवळ वाढलो. यात्रेकरू गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, पैसे टाकायचे आणि आम्ही पोरं ते काढायचो, काही जण दोरीला चुंबक बांधून खेचायचे, पण चुंबकाला सगळी नाणी लागत नाहीत, त्यामुळे खरी कमाई बुडी मारणाऱ्याची. खाली गेलं की काही दिसत नाही, हिरवट गढूळ पाणी, हाताने चाचपायचं, शेवाळ, निर्माल्य, कुणाची तरी पणती, आणि कानात असा एक आवाज येतो की वरची घंटा, मंत्र, भेळवाला सगळं लांब कुठेतरी दुसऱ्या गावात चाललंय असं वाटतं. मी ७० पर्यंत मोजायचो. वर आलो की पहिल्यांदा आईची हाक, मग बाकीचं जग.

तर ओमला बाकी काही येत नाही, फक्त श्वास धरता येतो, हे ज्याने लिहिलं ना त्याला तीर्थाच्या गावातलं पोरगं माहितीये. आजूबाजूला सगळे काहीतरी विकतायत, कुणी भविष्य विकतंय कुणी पुण्य विकतंय, आणि पोराकडे विकायला काय तर स्वतःचा दम. हे मला कुणी समजावून सांगायला लागलं नाही. पुष्कर काय आणि पंचवटी काय, घाट तोच, पायऱ्या त्याच.

आणि विचित्र म्हणाल तर आपल्याकडे पूर किती आला हे आपण कशावरून सांगतो? दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. धरणातून किती क्युसेक सोडलं तो आकडा पेपरात येतो, पण माझी आजी विचारायची मारुती कुठपर्यंत बुडाला. बाहेरच्या माणसाला सांगून बघा, त्याला स्वप्नातलं वाटेल, आपल्याला त्यात काही वेगळं वाटत नाही. हा सिनेमा मला तसा वाटतो.

तुमच्या अण्णांना नमस्कार सांगा.

नाशिकरोडचा विन्या

मी उलट बाजूने लिहितो, राग मानू नका.

मी हा सिनेमा २०१४ ला मुंबईत थेटरात बघितला, खास सुट्टी टाकून, सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून गेलो होतो. आर्ट फिल्म बघायची सवय आहे, मणी कौलचा ‘उसकी रोटी’ मी दोनदा बघितलाय आणि मला तो मनापासून आवडतो, त्यात बस थांबते, बाई वाट बघते, मिनिटं जातात पण मला माहीत असतं की मी कशासाठी थांबलोय. ‘ओम’मध्ये मला कशासाठी थांबायचं तेच कळलं नाही. दिग्दर्शक एक धागा हातात देतो, आपण धरतो, तोवर तो सोडून देतो आणि दुसरा देतो. असं दहा वेळा झाल्यावर मी हात पुढे करणंच बंद केलं. हे प्रेक्षकाच्या विश्वासाचं नुकसान आहे असं मला वाटतं. माणूस अंधारात दीड-पावणेदोन तास बसतो म्हणजे तो काहीतरी देतोय ना राव तुम्हाला.

आणि सगळ्यात जास्त त्रास मला सिनेमाचा नाही झाला, बाहेर आल्यावर झाला. लॉबीत काही लोक चर्चा करत होते, मी विचारलं की त्या बेडकांचं नेमकं काय, तर एकाने असा चेहरा केला जसा काही मी परीक्षेत नापास झालो. परतीच्या गाडीत कसाऱ्यापर्यंत मला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि इगतपुरीला चहा घेताना राग आला, की लाज मी का बाळगू? न समजणं हा गुन्हा आहे का? तेव्हापासून असल्या सिनेमांना लावतात तो ‘कल्ट’ हा शब्द ऐकला की मला तो चेहरा आठवतो.

गाणी चांगली आहेत, ते मान्य. बाप झालेला तो माणूस, लक्ष्मीनारायण शास्त्री, जबरदस्त आहे, तेही मान्य. पण गंगापूररोडकर, दुसरा अर्धा फसलाय हे तुमचं मत अगदी बरोबर आहे, तुम्ही कमी पडलेला नाहीत.

सिडकोची चित्रा

विन्यादादा, तो चेहरा करणाऱ्या माणसाच्या वतीने मी माफी मागते, खरंच. सिनेमावर प्रेम करणाऱ्यांनीच या सिनेमाचं सगळ्यात जास्त नुकसान केलंय. समजलं नाही तर तो तुझा दोष, हे एकदा म्हटलं की पुढे बोलायलाच काही उरत नाही.

मी एडिटिंग करते, मुंबईत असते पण घर नाशिकच्या सिडकोत. माझा रोजचा धंदा कापाकापीचा, त्यामुळे मी त्या बाजूने सांगते. लोक ‘आर्ट फिल्म’ म्हटलं की संथ असं धरून चालतात, विन्यादादाने मणी कौलचं उदाहरण दिलं ते तसं आहेच. पण ‘ओम’ संथ नाहीये, उलट भयंकर गजबजलेला आहे. त्यात रिकामी जागा नाही. मला वाटतं पहिल्यांदा बघताना जो थकवा येतो तो त्यामुळे. संथ सिनेमात तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो, इथे तुम्ही मागच्या वाक्याचा विचार करेपर्यंत पुढची तीन वाक्यं निघून गेलेली असतात.

आता बलस्थान कुठे आहे तर जोडण्यात. १९२९ मध्ये दिग्दर्शक बुन्युएल आणि चित्रकार दालीने ‘अन शिएन आंदालू’ केला तेव्हा त्यांचा आपसातला नियम होता की ज्या चित्राचा तर्काने खुलासा करता येईल ते घ्यायचंच नाही. दोघांच्या स्वप्नांतून निघालेला सिनेमा तो, वीस-एक मिनिटांचा. ‘ओम’ला लोक त्याच खोक्यात टाकतात पण माझ्या मते हा त्याच्या बरोबर उलटा आहे. इथे जवळजवळ प्रत्येक गोष्टीला खुलासा आहे, फक्त तो काढून बाजूला ठेवलाय. शब्दावरून चित्र निघतं, चित्रावरून गाणं, गाण्यावरून परत शब्द. लहान मूल कसं बोलतं बघा, माझा भाचा सहा वर्षांचा आहे, शाळेत काय झालं विचारलं तर सांगतो की डबा सांडला मग चंद्रावर पाणी नसतं मग बाईंची साडी निळी होती. त्याच्या डोक्यात ते नीट जोडलेलं असतं. डबा सांडला, बाई म्हणाल्या पाणी आण, पाणी म्हटल्यावर चंद्र. मधली कडी त्याने सांगितली नाही एवढंच. सिनेमाचा पहिला तास मला असाच वाटतो, कड्या गाळलेल्या आहेत पण माणसाच्या आवाजावरून कळतं की त्या आहेत. आणि आवाज खरा का वाटतो तर ती माणसं खरी बोलतात, दिग्दर्शक स्वतः अजमेरला वाढलेला आहे, ते पाठांतर नाहीये.

दोष पण सांगते, मला तो सिनेमा प्रिय आहे म्हणून जास्तच सांगते. दुसऱ्या भागात कड्या गाळलेल्या नाहीत, तिथे बऱ्याच ठिकाणी त्या मुळातच नाहीत असं मला वाटतं. थ्रिलर सुरू होतो, हिरे कुणाकडे, कोण कुणाच्या मागे, आणि थ्रिलरला एक साधी गरज असते की कुणाला काय माहितीये हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे. तेच कळत नाही. म्हणजे साचा तर वापरला पण त्या साच्याची जबाबदारी घेतली नाही. एडिटिंग टेबलावर बसून बघितलं तर मला सरळ दिसतं की दोन-तीन जागी नुसता एक शांत शॉट टाकला असता, कुणीतरी नुसतं बसलेलं, पाणी पिताना, तर बाकीचं सगळं तसंच ठेवूनही सिनेमा सुसह्य झाला असता. श्वास रोखणाऱ्या मुलाचा सिनेमा, आणि प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा नाही. कुणी म्हणेल ते मुद्दामच आहे. असेलही, पण मुद्दाम केलेली चूकही चूक असू शकते.

दुसरा दोष म्हणजे गायत्री. गोपी देसाईने काय काम केलंय, तिला स्वतःचं असं काहीतरी हवंय, लग्नाच्या पलीकडचं, आणि ती ते मागते कशी तर अगदी साध्या सुरात. सिनेमातला सगळ्यात जिवंत धागा तो आहे आणि बेडकांच्या गर्दीत तो बाजूला पडतो. मला दर वेळी त्याचा राग येतो. मी सिडकोतल्या दोन खोल्यांत मोठी झाले, मोठी बहीण होते, धाकट्या भावाच्या गोष्टीत मोठ्या बहिणीला कधी कोपरा मिळतो आणि कधी काढून घेतला जातो हे मला चांगलं माहितीये.

आणि साउंडबद्दल, गंगापूररोडकर, तुम्ही दाखवणार असाल तर स्पीकर चांगला आणा. हे खूप महत्त्वाचं आहे. यात संवाद, रेडिओ, गाणं एकमेकांवर चढलेलं असतं, मोकळ्या हॉलमध्ये साध्या स्पीकरवर त्याचा नुसता गोंगाट होतो. तुमचे सहा जण उठले त्यातले निम्मे तरी आवाजामुळे उठले असतील. सबटायटल असलेली कॉपी लावा, हिंदी येत असलं तरी.

गंगापूररोडकर

चित्राताई, स्पीकरचं अगदी बरोबर बोललात. एकच स्पीकर होता आणि तोही खिडकीशेजारी, बाहेर पाऊस. माझ्या डोक्यातच आलं नाही.

विन्या, तुझा इगतपुरीच्या चहाचा भाग दोनदा वाचला. आमच्यातले उठून गेलेले आता परत येतील का ही भीती मला म्हणूनच वाटतेय.

त्र्यंबकचे आप्पा

मंडळी, उशिरा लिहितोय, टाइप करायला वेळ लागतो.

मी शाळेत मराठी शिकवायचो, आता त्र्यंबकेश्वरलाच असतो. हा सिनेमा मला एका माजी विद्यार्थ्याने मोबाइलवर दाखवला, छोट्या पडद्यावर, मधे मधे थांबवत, चार दिवसांत. कदाचित त्यामुळेच मला तो जड गेला नाही. चित्राताईंनी श्वासाची जागा हवी म्हटलं, मला ती जागा जेवणाच्या वेळांनी दिली.

विनयराव म्हणतात की धागा हातात देऊन सोडून देतात. अहो, पण आपल्याकडे हे नवं आहे का? ज्ञानोबांच्या नावावर गातात ते भारूड आठवा, काट्याच्या टोकावर तीन गावं वसली, त्यातली दोन ओसाड आणि एक वसलंच नाही. मग त्या गावात कुंभार येतात, तेही तसेच. दर ओळीला धागा देतात आणि दर ओळीला काढून घेतात. मी वर्गात हे म्हणायचो तेव्हा सातवीची मुलं हसून लोळायची, कुणी अर्थ विचारायचं नाही. अर्थ मोठी माणसं विचारायची, आणि कीर्तनकार तो उलगडून सांगायचे. निवृत्तीनाथांची यात्रा आमच्या गावात पौषात भरते, हजारो वारकरी येतात, त्यातल्या ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही असल्या उलट्या बोलण्यात काही अडचण येत नाही. का येत नाही? तर ठेका आहे, टाळ आहे, शेजारी दुसरा गाणारा आहे. अर्थ सुटला तरी माणूस ठेका सोडत नाही.

म्हणून मला वाटतं दुसऱ्या भागाचा दोष न समजण्यात नाही, ठेका सुटण्यात आहे. पहिल्या भागात गाणी आहेत, बापाचा सूर आहे, पुन्हा पुन्हा येणारी ओळखीची माणसं आहेत, ते टाळाचं काम करतात. पुढे टाळ थांबतो आणि नुसते कूट शब्द राहतात. भारूडात असं झालं तर लोक उठून चहाला जातात. तुमचे सहा जण गेले त्यात त्यांचं काही चुकलं नाही, आणि सिनेमा वाईट आहे असंही त्यातून ठरत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी आपल्या जिल्ह्याची म्हणून सांगतो. कमल स्वरूप यांनी पुढे कित्येक वर्षं दादासाहेब फाळक्यांचा माग काढण्यात घालवली. फाळके काशीला जाऊन राहिले होते, सिनेमा बाजूला ठेवून तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं, त्या काळावर कमल स्वरूप यांनी ‘रंगभूमी’ याच नावाची फिल्म केली आणि ६१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिला सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. फाळके जन्मले आमच्या त्र्यंबकला, ३० एप्रिल १८७०, आणि गेले नाशिकला, १६ फेब्रुवारी १९४४. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला तो ३ मे १९१३ ला आणि त्याच वर्षी ते बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले. पुढे हिंदुस्तान फिल्म कंपनी इथलीच.

त्या कंपनीचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’, त्याचा बराच भाग आज बघायला मिळतो, जरूर बघा. बाळकृष्ण झालीय फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. सुरुवातीला ती नुसती कॅमेऱ्यासमोर वेगवेगळे हावभाव करून दाखवते, साधी मुलगी, आणि मग बघता बघता तिचा कृष्ण होतो, एका चित्रावर दुसरं चित्र चढतं. मग तो कृष्ण पाण्यात उडी घेतो आणि पाण्याखाली त्या नागाशी झुंजतो. घरातली मुलगी, देव, कापडाचा नाग, पाणी, सगळं एकाच फ्रेममध्ये, आणि लोक हात जोडत होते. पंचवटीच्या भाऊंनी रामकुंडातल्या बुडीबद्दल लिहिलं ते वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण मला लगेच ती मंदाकिनी आठवली. पाण्याखाली श्वास धरलेलं पोर. एकाने दुसऱ्यावरून घेतलं असं मी म्हणत नाही. पण जो माणूस पुढे फाळक्यांच्या मागे इतका गेला त्याच्या पहिल्या सिनेमात श्वास धरणारा मुलगा असावा, हे मला फार जवळचं वाटलं.

आणि हो, फाळक्यांनी सिनेमा काढायच्या आधी भांडवल उभं करायला काय दाखवलं होतं, तर कुंडीतल्या वाटाण्याचं रोप. रोज थोडं थोडं चित्रित करून त्याची वाढ मिनिटभरात. त्यात गोष्ट नव्हतीच. बघणाऱ्याने तोंडात बोट घातलं, एवढ्यावर पैसे मिळाले.

मुलांना दाखवा. पण आधी दहा मिनिटं ‘कालिया मर्दन’ दाखवा.

नाशिकरोडचा विन्या

आप्पा, ठेक्याचं पटलं. म्हणजे मला जे त्या दिवशी झालं त्याला शब्द मिळाला. मी अर्थ हरवला म्हणून चिडलोय असं इतकी वर्षं समजत होतो, पण खरं तर ‘उसकी रोटी’मध्येही मला सगळा अर्थ कुठे कळतो, तिथे ठेका सुटत नाही म्हणून मी बसतो.

तरी एक राहतंच. जो दोष आहे तो आहे. मुलांना दाखवताना हा सिनेमा ग्रेट आहे असं आधी सांगू नका, प्लीज. त्यांना उठून जायची मुभा द्या आणि परत आत यायचीपण.

पंचवटीचा पोऱ्या

विन्याभाऊ एकदम सहमत. आणि आप्पा, मी ती मंदाकिनीची फिल्म काल रात्री शोधून बघितली. दुकान बंद केल्यावर, शटर अर्धं खाली ओढून, मोबाइलवर. ती पोरगी सुरुवातीला डोळे मोठे करते, गाल फुगवते, हसते, माझी धाकटी अशीच करते आरशासमोर. मग मुकुट आला आणि मी एकटाच दुकानात बसून नमस्कार केला. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात शाळेच्या सहलीला दोनदा गेलोय पण हे बघितलं नव्हतं, कुणी दाखवलं नाही.

सिडकोची चित्रा

आप्पा, तुम्ही चार दिवसांत थांबवत थांबवत बघितला हे वाचून मी दोन दिवस विचार करतेय. एडिटर म्हणून मला शिकवलंय की सिनेमा सलग बघायची गोष्ट आहे. पण हा सिनेमा वीस-पंचवीस वर्षं लोकांनी कॅसेटवरच बघितला ना, थांबवत, मागे नेत, गाणं परत लावत. २०१४ ला तो थेटरात आला तेव्हा पहिल्यांदा लोकांना तो न थांबवता बघायला लागला, विन्यादादासारखा. म्हणजे जे लोक त्याच्या प्रेमात होते ते वेगळ्या पद्धतीने प्रेमात पडले होते आणि नवीन माणसाला मात्र एका बैठकीत गिळायला लावलं. दुसऱ्या भागाचा दोष त्याने पुसला जात नाही, तो मी अजून धरून आहे, पण मुलांना दाखवताना मधे थांबायला हरकत नाही असं आता मला वाटतंय. थांबायची जागा मी सुचवते, हिरे येण्याच्या आधी. नेमकी वेळ माझ्या कॉपीवर बघून तुम्हाला कळवते.

आणि थांबल्यावर मुलांना विचारा की गायत्रीचं पुढे काय होईल असं वाटतं. नुसतं विचारा. म्हणजे उरलेला भाग बघताना निदान तिच्यावर कुणाची तरी नजर राहील.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

ठरलं असं. दाखवतोय. आधी ‘कालिया मर्दन’मधला मंदाकिनीचा भाग आणि बुडीपर्यंतचा तुकडा, मग ‘ओम’चा पहिला भाग, चित्राताई सांगतील तिथे थांबणार, अर्धा तास चहा. ज्याला जायचं तो गेला तरी चालेल हे मी स्वतः उभं राहून सांगणार. दोन स्पीकर भाड्याने मिळतायत, मेन रोडला एकाशी बोलून आलो, खिडकीला जाड पडदे पण लावतोय.

ज्या मित्राने खांद्यावर हात ठेवला होता त्याला काल फोन केला. म्हटलं अर्धाच ये, चहापर्यंत. तो म्हणाला येतो, पण मला त्या ज्योतिषी बापाचं पुढे काय झालं ते आत्ताच सांग. म्हणजे सहा जणांत उठून गेला तरी बाप त्याच्या डोक्यात राहिलाच होता. मी सांगितलं नाही.

अण्णांना विचारलं चहाच्या वेळी मुलांना वाड्यातल्या तात्यांबद्दल पाच मिनिटं सांगाल का. आधी नको म्हणाले. आज सकाळी माळ्यावरून जुनी ट्रंक काढायला लावली मला, तात्यांनी मांडलेली त्यांची पत्रिका शोधतायत, पिवळ्या कागदावरची, शाईने काढलेली. अजून सापडली नाहीये, ट्रंकेतली अर्धीच कागदं बघून झालीत.